बुधवारची होडी

१

पोस्टकार्ड सोमवारच्या टपालाने आलं. त्यात तक्रार नव्हती, आभार होते. म्हणून इसोगाई तोमिएने ते तीनदा वाचलं.

"गेल्या बुधवारी सकाळी तुमच्या 'आजचं सरोवर'मध्ये आमचे हे दिसले. होडी घेऊन डावीकडून उजवीकडे गेले. तिसऱ्या खरवडायचं दाताळं नेहमीसारखं डाव्या हातात होतं. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. दाखवलंत, फार उपकार झाले. हिनोशिता किकुए, वय शहात्तर."

तोबुरा प्रादेशिक दूरचित्रवाणी केंद्राच्या तपासणी कक्षात तोमिए अठ्ठावीस वर्षं काम करत होती. कक्ष म्हणजे एक टेबल, एक टीव्ही आणि वाहनतळाकडे उघडणारी खिडकी. काम म्हणजे प्रेक्षकांची पत्रं वाचायची आणि केंद्राच्या चुका शोधायच्या. या कामामुळे तिला दुपारच्या जेवणाला फारसं कुणी बोलवत नसे.

'आजचं सरोवर' हा केंद्राचा सर्वांत साधा कार्यक्रम. रोज सकाळी सहा पंचावन्नला, चार मिनिटं. केंद्राच्या गच्चीवरच्या कॅमेऱ्याला दिसेल ते नागिसे सरोवर आणि तिथल्याच मायक्रोफोनला ऐकू येईल तो आवाज. निवेदन नाही, संगीत नाही. कोपऱ्यात दोनच अक्षरं : थेट. अर्धा जिल्हा मिसो सुपाच्या वाटीतल्या तिसऱ्यांचे शिंपले उकलता उकलता ते बघत असे.

ती कार्ड घेऊन केंद्रप्रमुख कुसाकाबेंकडे गेली. ते हसले.

"म्हातारीला नवरा दिसला. उत्तर लिहा, तिला बरं वाटेल असं काहीतरी. भुताखेताचं आपल्याकडे खातं नाही."

"भूत असतं तर बरंच झालं असतं, कुसाकाबेसान. भूत थेट दाखवलं तर नियमात बसतं. आपण टेप दाखवली आहे."

"एवढ्या धुक्यात डावा हात दिसतो होय? दुसरा कोणी नावाडी असेल."

"बुधवारी? बुधवारी सरोवर बंद असतं. तिसऱ्यांना एक दिवस विसावा द्यायचा, असा मच्छीमारांचा ठराव आहे. बुधवारी तिथे जिवंत माणसाची होडी असूच शकत नाही."

कुसाकाबेंचं हसू ओसरलं. ते टोकियोहून आलेले, त्यांना तिसऱ्यांचा विसावा ठाऊक नव्हता. पण थेट म्हणून टेप दाखवणं म्हणजे काय, हे चांगलंच ठाऊक होतं.

"शुक्रवारी दहाला कार्यक्रम मंडळ बसतंय," ते म्हणाले. "तोवर मला नाव पाहिजे. नाही मिळालं, तर त्या वेळी प्रक्षेपणाच्या खुर्चीत जो होता त्याचं नाव जाईल."

"वाकुई."

"वाकुईच. गेल्या हिवाळ्यात नऊ सेकंद काळा पडदा, तोही याच्याच हातून. दुसरी चूक झाली की त्या खुर्चीत परत बसायचं नाही, हे त्याला लेखी दिलेलं आहे."

२

वाकुई चव्वेचाळीस वर्षांचा, एकटा राहणारा माणूस होता. त्याच्या बोलण्यात सेकंद येत, दिवस क्वचित येत. प्रक्षेपण कक्षाच्या खुर्चीची गादी त्याच्या अंगाच्या मापाने खचली होती.

"माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही, इसोगाईसान. सहा चोपन्नपासून माझ्या पडद्यावर धुकं होतं. पंचावन्नला बटण दाबलं. धुकं गेलं प्रेक्षकांकडे."

"आणि होडी?"

"होडी आली, गेली. सुंदर होती. मी मनात म्हटलं, आज बरं चित्र मिळालं."

"बुधवार आहे हे लक्षात नाही आलं?"

"मला वार कळत नाहीत. सात वाजले की टोकियोचं बातमीपत्र घ्यायचं, एक सेकंदही इकडेतिकडे न होता. एवढं कळतं."

"त्या बटणाने फक्त चित्र बदलता येतं का?"

"नाही. गच्चीचं बटण दाबलं की गच्चीवरचं चित्रही येतं, आवाजही येतो. नवरा-बायकोसारखे आहेत. एकाला बोलावलं की दुसरं येतंच."

"तुमचं लग्न झालंय?"

"नाही. म्हणून तर असं वाटतं."

ती उठली. दाराशी गेल्यावर तो मागून म्हणाला, "इसोगाईसान, मला तिकडे टोकियोच्या गोदामात पाठवतील म्हणतात. तिथे घड्याळ नसतं."

एवढंच. तोमिएने काही वचन दिलं नाही. वचन देणं तिच्या कामात बसत नव्हतं.

३

तळघरातल्या टेप-भांडाराची किल्ली हात्सुशिबाकडे असे. ती सरोवराकाठच्याच गावची, हिनोशिता आजीच्या आळीतली. केंद्रात कुजबुज सुरू झाली होती ती हिच्याबद्दल : विधवेवर माया म्हणून हिनेच टेप लावली असणार.

"बसा," हात्सुशिबा म्हणाली. "मला पकडायला आलात ना? चहा घेऊन पकडा."

"आजींच्या नवऱ्याला, गेन्जिरोंना ओळखायचात?"

"डावखुरे गेन्जिरोकाका. आख्ख्या सरोवरात दाताळं डाव्या हाताने मारणारा एकच माणूस. दुसऱ्या होड्या त्यांच्या जवळ यायच्या नाहीत, दांडा लागेल म्हणून."

"मग बुधवारी गावातल्या सगळ्यांनीच ओळखलं असेल."

"सगळ्यांनी."

"एकाचाही फोन आला नाही."

"काय म्हणून करायचा?" हात्सुशिबा म्हणाली. "आमची आई सांगत होती, गेन्जिरोकाका दिसले. सगळ्यांनी बघितलं. मग सगळे आपापल्या घरी बराच वेळ गप्प बसले. भात गार झाला. शेजारचा तर अंगणात जाऊन सरोवराकडे बघून आला. सरोवर रिकामं होतं. तो परत आला आणि जेवला."

तळघरात टेपांचा व्हिनेगरसारखा वास होता.

"तुम्ही लावलीत का?" तिने विचारलं.

"बुधवारी? आमच्यात बुधवारी होडी काढली तर सात घरं बोलणं सोडतात. मेलेल्या माणसाकडून मी ठराव मोडवेन का? मला लावायचीच असती तर गुरुवारी लावली असती. आजीला नवरा दिसला असता आणि तुम्हाला पत्ता लागला नसता."

हे खरं होतं. सरोवराकाठच्या माणसाने होडीसाठी बुधवार निवडलाच नसता. म्हणजे टेप लावणाऱ्याच्या डोक्यात होडी नव्हतीच.

"आणखी एक," हात्सुशिबा म्हणाली. "ही टेप माझ्याकडची नाही. 'आजचं सरोवर' आम्ही कधी साठवतच नाही. रोज नवं असतं, ठेवायचं कशाला? वीस वर्षांत त्या कार्यक्रमाची एकही टेप या खोलीत आलेली नाही."

४

केंद्र जे जे दाखवतं त्याची एक प्रत आठ आठवडे ठेवलेली असते. गेल्या बुधवारची प्रत तोमिएने मंगळवारी सहा वेळा पाहिली आणि बुधवारी पाच वेळा.

धुकं. काठावरच्या बोरूच्या गवताची काळी रेघ. मधोमध जुनी जेटी, पाण्यात उतरणाऱ्या तिच्या चार पायऱ्या. मग डावीकडून होडी येते. उभा माणूस, वाकलेला, दांड्याला खांदा देऊन. तो पाण्याला ढकलतो आहे की पाणी त्याला, ते कळत नाही. होडी मधोमध आली की जरा थांबल्यासारखी वाटते आणि मग विरघळते. पाहता पाहता तोमिएला पेंग यायला लागली, आणि पेंगेत तिला वाटलं की आपणच काठावर उभ्या आहोत आणि पावलं ओली आहेत.

बाराव्या वेळी ती टीव्हीकडे पाठ करून बसली आणि नुसतं ऐकू लागली.

आधी बगळा ओरडला. मग दूर गाडीचा आवाज. मग धुक्याच्या पलीकडून, गावातल्या खांबांवरच्या भोंग्यांमधून, एकाच बाईचा आवाज एकामागून एक चार दिशांनी आला. शब्द एकमेकांवर सांडत होते. तिने टेप मागे घेतली, आवाज वाढवला.

"…नगर कार्यालयाची सूचना. आज पहाटेपासून एक एक्क्याऐंशी वर्षांचे गृहस्थ घरातून बेपत्ता आहेत. अंगात गडद निळा कोट, टाय, खाली पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा, पायांत सपाता. दिसल्यास…"

तोमिएने नगर कार्यालयाला फोन लावला. फोनवरची मुलगी चुणचुणीत होती.

"हो, गेल्या बुधवारचीच सूचना. सहा सत्तावन्नला दिली. सात वीसला 'सापडले' म्हणून परत दिली. नाव? घरच्यांनी नाव सांगू दिलं नाही हो."

तोमिएने फोन ठेवला. चित्र जुनं होतं, आवाज त्याच दिवसाचा. नवरा एका वर्षातला, बायको दुसऱ्या वर्षातली. वाकुईच्या बटणाने हे जमलं नसतं. ज्याने केलं त्याने चित्राची तार वाकुईपर्यंत पोचायच्या आधीच बदलली होती. म्हणजे गच्चीवर.

गच्चीच्या खोलीची किल्ली एकाच माणसाकडे होती.

५

गुरुवारी सकाळी सहा चाळीसला कॅमेरामन तातेनो गच्चीवर भिंगाची काच पुसत होता. सत्तावन्न वर्षांचा, रुंद, डोंगराकडचा माणूस. तोमिएला पाहून त्याने फडकं घडी करून खिशात ठेवलं.

"लवकर आलात."

"बघायचं होतं, इथून काय दिसतं ते. कॅमेरा फिरवता येतो का?"

"नाही. वादळात हलला होता, तेव्हापासून बोल्ट मारून वेल्डिंग केलंय. रोज तेच दिसावं म्हणून."

तिने कॅमेऱ्याच्या मागच्या छोट्या पडद्यात पाहिलं. बोरू, पाणी, मधोमध जेटीच्या पायऱ्या. पायऱ्या इथून फार दूर नव्हत्या. तिथे कोणी उभं असतं तर चेहरासुद्धा ओळखू आला असता. खोलीत, कॅमेऱ्याच्या तारेशेजारी, एक लहानसं टेपयंत्र होतं.

"हे कशाला?"

"तार तपासायला. कॅमेरा बसवला तेव्हा दहा मिनिटं टेप करून ठेवली. महिन्यातून एकदा लावून बघतो, चित्र खाली नीट जातंय की नाही."

"त्या दहा मिनिटांत होडी आहे, हे माहीत होतं?"

तातेनोने खिशातलं फडकं पुन्हा काढलं. खाली धुकं काठाला लागून हळूहळू सरकत होतं.

"तातेनोसान, मी तुम्हाला एक कोडं घालते. माणूस घरातून निघतो. वर कोट, टाय. खाली पायजमा आणि सपाता. असा कोण निघतो?"

"विसरभोळा."

"विसरभोळा कोटच विसरेल. टाय तर विसरेलच. हा माणूस खालचं विसरलेला नाही. खालचं लागतच नाही, असं त्याला वाटतं."

तातेनो जेटीकडे बघत होता. तो म्हणाला, "टेबलामागे बसणारा."

"आणि कॅमेरा कुठे बघतो ते ज्याला पाठ आहे, असा. आपल्याकडे एकच. वीस वर्षांपूर्वी निवृत्त झालेले."

"ओकुदेरासान," तातेनो म्हणाला.

मग त्याने सांगितलं, आणि एकदा सुरू झाल्यावर थांबला नाही.

ओकुदेरा या केंद्राचे पहिले वृत्तनिवेदक. जिल्ह्यातल्या दोन पिढ्यांनी पूर, निवडणुका, बर्फ, सगळं त्यांच्या तोंडून ऐकलं. पंधरा वर्षं तातेनोने त्यांच्यासमोर कॅमेरा धरला. उन्हाळ्यात ते वर कोट-टाय आणि खाली अर्धी चड्डी घालून बातम्या देत, हे जिल्ह्याला ठाऊक नव्हतं, पण केंद्रात सगळ्यांना होतं.

"त्या दिवशी सहा एक्कावन्नला मी डोळा लावला तर ते पायऱ्यांवरून पाण्यात उतरत होते. कमरेपर्यंत गेले आणि थांबले. वळले. कॅमेऱ्याकडे बघून टाय सरळ केला. आणि वाकून नमस्कार केला, इसोगाईसान. अगदी मोजून, पूर्वी करायचे तसा. मग बोलायला लागले. ओठ हलताना दिसत होते. त्यांच्या हिशेबी ते टेबलामागे होते. पाणी म्हणजे टेबल."

"मग?"

"चार मिनिटांनी अर्ध्या जिल्ह्याला हे दिसणार होतं. मी टेपयंत्रात तार खोचली. चित्र खाली जातंय का बघितलं. उजेड जुळतोय का बघितलं. दोन्हीकडे धुकं होतं, जुळला."

"आणि मग खाली धावलात."

"हो."

"आधी टेप. मग माणूस."

तातेनोचा चेहरा एकदम म्हातारा दिसला.

"दीड मिनिट," तो म्हणाला. "पाणी ऑक्टोबरचं. एक्क्याऐंशीचं शरीर. पाय घसरला असता तर? मी दीड मिनिट उजेड जुळवत होतो. बाहेर काढलं तेव्हा ते थरथरत होते आणि मला विचारत होते, 'आवाज पोचला का?' त्यांच्या पत्नी म्हणाल्या, कुणाला सांगू नका. मी म्हटलं, नाही सांगत. पण मी गप्प बसलो तो त्यांच्या अब्रूसाठी नाही. हे दीड मिनिट कुणाला सांगायला नको होतं म्हणून."

"वाकुईचं काय?"

"उद्या मंडळासमोर सांगणार होतो. काच पुसायचा कंटाळा आला म्हणून टेप लावली, असं."

"ते खोटं आहे."

"खोट्याने सगळे सुटतात."

"मी अठ्ठावीस वर्षं खोट्यावर लाल रेघ मारते आहे, तातेनोसान," तोमिए म्हणाली. "माझ्याकडून नाही होणार. पण खरं लिहायचं तर आधी त्यांना विचारावं लागेल."

६

ओकुदेरांचं घर सरोवराच्या दक्षिण टोकाला होतं. दाराला आतून नवीन कडी बसवली होती. पत्नीने दार उघडलं, तातेनोला बघून तिने ओठ घट्ट मिटले, तरी दोघांना आत घेतलं.

ओकुदेरा उन्हात बसले होते. तोमिएने माफीचा मसुदा तयार करून आणला होता. तो तिने त्यांच्या पुढ्यात ठेवला. त्यांनी चष्मा लावला. कागद हातात येताच त्यांची पाठ ताठ झाली.

"'त्या वेळी एक वृद्ध गृहस्थ सरोवरात उतरले होते,'" त्यांनी वाचलं. आवाज तसाच होता. तातेनोने मान खाली घातली. "कोण गृहस्थ? बातमीत माणसाला नाव असतं."

ओकुदेरांनी एकेका चेहऱ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे.

"मी होतो का?"

"हो," तोमिए म्हणाली.

"मग तसं लिहा." त्यांनीच पेन्सिल मागितली आणि तीन शब्द खोडून वर नाव घातलं. "कोण वाचणार आहे?"

"अजून ठरलं नाही."

"मी वाचतो. एवढी वर्षं दुसऱ्यांच्या चुका वाचल्या. ही माझी आहे."

"अहो," पत्नी म्हणाली, "सकाळपासून तुम्हाला माझं नाव आठवलेलं नाही."

"तुझं नाव कुणी कागदावर लिहून दिलं नाही," ओकुदेरा म्हणाले. कागदावरचं वाचता येतं, एवढंच ते सांगत होते. पत्नीने पेन्सिल उचलली आणि कागदाच्या कोपऱ्यात आपलं नाव लिहिलं. त्यांनी ते मोठ्याने वाचलं. ती उठून आत गेली.

७

कुसाकाबे आधी 'नाही' म्हणाले. मग त्यांनी अहवाल शेवटपर्यंत वाचला.

"एक मिनिट," ते म्हणाले. "सहा एकोणसाठ ते सात. जरा भरकटले की तोडायचं, सरोवरावर जायचं. आणि सातला टोकियो. टोकियो थांबत नाही. बटणावर वाकुईला बसवू नका."

"त्याची काहीच चूक नव्हती, हे त्याच अहवालात आहे," तोमिए म्हणाली. "तोच बसेल."

शुक्रवारी सकाळी धुकं नव्हतं. सरोवर निळंशार होतं आणि त्यावर नऊ होड्या होत्या. सहा एकोणसाठला सरोवर गेलं आणि ओकुदेरा दिसले.

प्रक्षेपण कक्षात कुसाकाबे वाकुईच्या मागे उभे होते, तोमिए दाराशी. ओकुदेरांनी वाचलं. टेप जुनी होती, हे. सरोवरात ते स्वतः होते, हे. त्यांना पडद्यावर दाखवू नये म्हणून चित्र बदललं, हे. प्रेक्षकांची क्षमा. एक शब्द अडखळला नाही. सहा वाजून एकोणसाठ मिनिटं आणि एक्केचाळीस सेकंदांनी कागद संपला.

ते वाकले नाहीत. त्यांनी कागद बाजूला ठेवला आणि कॅमेऱ्यात पाहिलं.

"हवामान," ते म्हणाले. "आज संध्याकाळपासून डोंगराच्या भागात जोराचा बर्फ पडेल."

"ऑक्टोबर आहे," कुसाकाबे पुटपुटले. "तोडा."

वाकुईचं बोट बटणावर होतं.

"उत्तरेकडच्या गावांत उद्या सकाळपर्यंत कमरेएवढा साचेल. छपरावरचा बर्फ काढायला एकट्याने चढू नका. शेजाऱ्याला हाक मारा. शेजारी नसेल तर वाट बघा…"

घड्याळाचा काटा साठावर आला. शेजारच्या पडद्यावर टोकियोचं बातमीपत्र सुरू झालं, तिथला निवेदक नमस्कार करत होता.

"वाकुई! टोकियो!"

"बोलतायत ते," वाकुई म्हणाला.

"…कोणीतरी येईल," ओकुदेरा म्हणाले. मग त्यांनी टाय सरळ केला आणि मोजून वाकले. डोकं वर आलं, चेहरा शांत होता. तेव्हा वाकुईने बटण दाबलं.

कुसाकाबे बाहेर गेले. वाकुईने नोंदवही ओढली, पेनाचं टोपण काढलं आणि सावकाश, सुवाच्य अक्षरात लिहिलं. मग वही तपासणी कक्षाच्या सहीसाठी तोमिएपुढे सरकवली आणि खुर्चीतून उठला. खुर्चीची गादी हळूहळू फुगून वर येऊ लागली.

"७:००:०० ते ७:००:२१. केंद्राने टोकियोचं बातमीपत्र घेतलं नाही. कारण : निवेदकांचं बोलणं पूर्ण व्हायचं होतं. यंत्रात बिघाड नाही. वाकुई."

तोमिएने लाल पेन हातात घेऊन नोंद दोनदा वाचली. तिला तिच्यात दुरुस्त करण्यासारखं काही सापडलं नाही.